ब्लॅकबर्न रोव्हर्सबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न: क्लब केवढा, खेळाडू का विकले जातात आणि प्रमोशन कधी

पुण्यात राहून ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबला सपोर्ट करतो म्हटलं की लोक थांबतात आणि प्रश्न विचारायला लागतात. ऑफिसात विचारतात, टर्फवर खेळायला गेलो की विचारतात, लग्नात जेवणाच्या रांगेत पण विचारतात. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यात देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं बसून लिहावं. २०२५-२६ चा सीझन चालू असताना लिहितोय.

ब्लॅकबर्न म्हणजे आपल्या वेंकीजचीच टीम ना?

हो, तेच वेंकीज, पुण्याचे, कोंबड्या-अंडीवाले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी २३ मिलियन पाउंडाला क्लब विकत घेतला, वर क्लबचं कर्ज होतं ते पण अंगावर घेतलं. तेव्हा रोव्हर्स प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये होते आणि भारतीय कंपनीने प्रीमियर लीगचा क्लब घेतलाय म्हणून आपल्याकडे पेपरात केवढी बातमी होती. पण "आपली टीम" म्हणताना एक लक्षात ठेवा, हा क्लब १८७५ चा आहे. १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या १२ क्लबांपैकी एक. मालक पुण्याचे असले तरी क्लब त्या गावाचा आहे, आपण नंतर आलेली माणसं आहोत आणि मला तरी हे मान्य करायला काही कमीपणा वाटत नाही.

मग तुम्ही वेंकीजमुळेच सपोर्ट करायला लागलात का?

सुरुवात त्यांच्यामुळेच झाली, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स पुण्यात आले होते, बालेवाडीला पुणे एफसीशी फ्रेंडली मॅच, रोव्हर्स ३-० जिंकले. बाबांना घेऊन गेलो होतो. बालेवाडीला मध्ये अॅथलेटिक्सचा ट्रॅक आहे त्यामुळे खेळाडू फार लांब दिसतात, बाबांना तर नंबर पण वाचता येत नव्हते, पण ती जर्सी दिसत होती. अर्धी निळी अर्धी पांढरी, मधून सरळ रेघ मारल्यासारखी. परत येताना बाबा म्हणाले, "ही टीम बरी आहे, लांबून ओळखू येते." तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत.

त्याच सीझनला, ७ मे २०१२ ला, घरच्या मैदानावर विगनकडून १-० हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ब्लॅकबर्नच्या लोकांनी मालकांच्या निषेधात मैदानात कोंबडी सोडली होती, आणि ते बघून जगभर लोक हसले. मला अजिबात हसू आलं नाही, कारण मैदानात पाऊस होता, स्टँडमध्ये म्हातारी माणसं रडत होती, आणि मी पुण्यात बसून विचार करत होतो की हे माझ्या शहरातून तिकडे गेलेलं आहे. त्यानंतर सोडून कसं देणार?

रोव्हर्स मोठा क्लब आहे की छोटा?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो.

इतिहास बघितला तर मोठा. तीन वेळा इंग्लंडचे चॅम्पियन, १९१२, १९१४ आणि १९९५. एफए कप ६ वेळा. २००२ चा लीग कप, कार्डिफला टॉटनमला २-१ हरवून. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून ती जिंकलेले क्लब बोटावर मोजण्याइतके आहेत आणि त्यात आपलं नाव आहे.

गाव बघितलं तर छोटा. ब्लॅकबर्नची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे आपल्या कराड-सांगलीच्या मधलं काहीतरी धरा. कापसाच्या गिरण्यांचं गाव, गिरण्या बंद पडल्या, मँचेस्टर आणि लिव्हरपूल गाडीने तासाभरावर, त्यामुळे गावातलंच पोरगं तिकडच्या मोठ्या क्लबांची लाल जर्सी घालून फिरतं.

स्टेडियम बघितलं तर परत मोठा. इवुड पार्कमध्ये ३१ हजारांवर लोक बसतात. पण गेली कित्येक वर्षं साध्या लीग मॅचला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. माझा आतेभाऊ मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा एकदा मॅच बघितली. मिल हिल स्टेशनला उतरून चालत गेलो, आधी जॅक वॉकरच्या पुतळ्यापाशी थांबलो, मग रिव्हरसाइड स्टँडमध्ये बसलो, थंडीने बोटं बधिर. माझ्या डावीकडे चार खुर्च्या रिकाम्या आणि त्यापलीकडे एक आजोबा. हाफटाइमला त्यांनी सांगितलं की त्या चारही खुर्च्या त्यांच्या घरच्यांच्याच होत्या, एकेक करून सगळ्यांनी सीझन तिकीट सोडलं, दोघं वारले आणि दोघांनी रागाने सोडलं. मी पुण्याचा आहे हे सांगायला मला धीर लागला. सांगितल्यावर ते फक्त म्हणाले की लांबून आलास, आणि चहा पाजला.

तर माझं उत्तर असं की क्लबचा आकार कपाटातल्या कपांवरून मोजू नका आणि गावाच्या लोकसंख्येवरून पण मोजू नका. जानेवारीत, म्हणजे सीझनच्या मध्येच खेळाडू घ्यायची-विकायची विंडो उघडते तेव्हा, आपली टीम पाचव्या-सहाव्या नंबरवर असताना क्लब काय करतो, त्यावरून मोजा. खेळाडू आणतो, का असलेला विकतो? मोठा क्लब त्या महिन्यात अजून दोन खेळाडू घेतो. रोव्हर्स गेली कित्येक वर्षं त्या महिन्यात छोट्या क्लबसारखे वागलेत आणि सगळं दुखणं तिथे आहे.

एवढ्याशा गावाची टीम प्रीमियर लीगमध्ये टिकूच शकत नाही, हे तरी खरं ना?

नाही. बर्नली बघा. नाव घ्यायला जड जातं कारण ते आपले शेजारी आणि सगळ्यात मोठे वैरी, पण उदाहरण त्यांचंच द्यावं लागतं. बर्नली ब्लॅकबर्नपेक्षा लहान गाव आहे. ते २०२३ ला १०१ पॉइंट करून वर गेले, खाली आले, २०२५ ला १०० पॉइंट करून परत वर गेले आणि त्या सीझनला ४६ मॅचमध्ये फक्त १६ गोल खाल्ले. बोर्नमथचं स्टेडियम ११ हजारांच्या थोडं वर. लूटन २०२३ ला वर गेले तेव्हा त्यांच्या केनिलवर्थ रोडला पाहुण्या टीमचे लोक घरांच्या रांगेखालून वाट काढून आत जायचे. दुसरीकडे सुंदरलँड बघा, ४८-४९ हजारांचं स्टेडियम, जिवाला जीव देणारे लोक, आणि तरी २०१८ ते २०२२ चार सीझन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. लीड्स २००४ ला खाली गेले ते वर यायला २०२० उजाडलं. मग आकाराने काय होतं?

प्रमोशन नेमकं कसं मिळतं?

चॅम्पियनशिप म्हणजे दुसरी डिव्हिजन. २४ टीम, प्रत्येकी ४६ मॅच. मी इथे ज्या सीझनांबद्दल बोलतोय त्यात पहिल्या दोन टीम सरळ वर, तिसऱ्या ते सहाव्या नंबरच्या चार टीम प्लेऑफ खेळणार, त्यातली एक लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फायनल जिंकून वर. खालच्या तीन टीम लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. सहावा आणि सातवा यांच्यात एका नंबरचा फरक आहे, पण सहाव्याला वेम्बलीची आशा आणि सातव्याला सुट्टी.

पॅराशूट पेमेंट म्हणजे काय, सारखं ऐकतो

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या टीमला टीव्हीच्या पैशातला वाटा पुढची काही वर्षं मिळत राहतो, त्याला पॅराशूट म्हणतात. पहिल्या वर्षी प्रत्येक क्लबला समान मिळणाऱ्या वाट्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. एकच सीझन वर राहून खाली आला असाल तर दोनच वर्षं. विचार असा की वरचे पगार खाली आल्यावर एकदम झेपत नाहीत म्हणून आधार. पण प्रत्यक्षात काय होतं, की त्याच टीम त्या पैशावर परत वर जातात आणि बाकीचे आमच्यासारखे खालून बघत बसतात. मला ही पद्धत अन्यायाची वाटते, पण हेही सांगतो, इप्सविच २०२३ ला लीग वनमधून आले आणि पुढच्याच सीझनला ९६ पॉइंट करून प्रीमियर लीगमध्ये गेले, कुठलं पॅराशूट नाही काही नाही. त्यामुळे पॅराशूटचं कारण पुढे करून हात वर करता येत नाहीत.

मालक एवढे श्रीमंत, मग पैसे ओतून खेळाडू का घेत नाहीत?

पहिली गोष्ट, पैसे ओतले नाहीत हे खरं नाही. इतक्या वर्षांत वेंकीजने दोनशे मिलियन पाउंडांच्या वर घातलेत, क्लब जवळपास दर वर्षी तोट्यात असतो आणि तो तोटा तेच भरतात. राग काढताना हे विसरू नये. पैसे किती घातले यापेक्षा कुठे, कधी आणि कोणाला विचारून घातले हा खरा प्रश्न आहे. आल्या आल्या डिसेंबर २०१० मध्ये सॅम अॅलरडाइसला काढलं आणि कधीच मुख्य मॅनेजर नसलेल्या स्टीव्ह कीनला आणलं, दीड वर्षात टीम खाली. मग २०१२-१३ च्या एकाच सीझनमध्ये कीन, हेनिंग बर्ग आणि मायकल अॅपलटन तिघंही गेले, बर्ग ५७ दिवस आणि अॅपलटन ६७ दिवस टिकला. प्रत्येक वेळी काढताना भरपाई द्यावी लागते. तो पैसा खेळाडूंचा होता.

दुसरी गोष्ट नियमांची. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त ३९ मिलियन पाउंड तोटा चालतो आणि तोही मालकाने भांडवल घालून भरला तरच. अकादमी, महिला टीम यांचा खर्च त्यात धरत नाहीत. समजा ८ मिलियनला खेळाडू घेतला आणि ४ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तर हिशेबात दर वर्षी २ मिलियन खर्च दिसतो. पण अकादमीतला पोरगा विकला तर आलेली रक्कम जवळपास सगळीच्या सगळी नफा म्हणून त्याच वर्षी दिसते, कारण त्याला विकत घेतलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक क्लबला आपलं घरचं पोरगं विकायचा मोह होतो. नियम पैशाची शिस्त लावायला केला आणि विकली जातात ती गावातली पोरं, हे मला फार लागतं.

तिसरी गोष्ट, २०२३ पासून भारतातून क्लबला पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यायची वेळ आली, कारण परदेशात पाठवलेल्या पैशाबद्दल ईडीची चौकशी. तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी पण द्यायला सांगितली होती. त्यात कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही, ते कोर्ट बघेल. पण लँकेशायरमधल्या एका क्लबचं बजेट दिल्लीतल्या तारखेवर अडलेलं बघणं त्या लोकांसाठी काय असेल याचा विचार करा.

रोव्हर्सची सगळ्यात भारी ट्रान्सफर कुठली?

अॅलन शियरर, यावर वाद नाही. १९९२ ला साऊथॅम्प्टनकडून साडेतीन मिलियनच्या आसपास घेतला, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड. लीगमध्ये १३८ मॅच आणि ११२ गोल. १९९४-९५ ला एकट्याने ३४. आणि १९९६ ला न्यूकॅसलला १५ मिलियनला विकला, तो तेव्हा जगातला रेकॉर्ड होता.

पण त्याच्या आधीचं लोकांना माहीत नसतं आणि ते मी आवर्जून सांगतो. १९९१-९२ ला रोव्हर्स दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते आणि सहावे आले होते. सहावे! प्लेऑफमधून गेले, वेम्बलीला लेस्टरला माइक न्यूएलच्या पेनल्टीवर १-० हरवलं. प्रीमियर लीगच्या पहिल्या सीझनला चौथे, मग दुसरे, मग १९९५ ला चॅम्पियन. शेवटच्या दिवशी अॅनफिल्डला लिव्हरपूलकडून २-१ हरले तरी तिकडे मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी १-१ बरोबरीत अडकले म्हणून ८९ विरुद्ध ८८ पॉइंटांनी ट्रॉफी आली. जॅक वॉकर हा गावातलाच माणूस, स्टीलच्या धंद्यात कमावलेलं गावच्या क्लबमध्ये घातलं, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं. त्या साली सहाव्याऐवजी सातवे आले असते तर यातलं काय झालं असतं कोण जाणे.

अलीकडची म्हणाल तर अॅडम आर्मस्ट्राँग. २०१८ ला पावणेदोन मिलियनला घेतला, २०२०-२१ ला लीगमध्ये २८ गोल आणि मग साऊथॅम्प्टनला १५ मिलियनला विकला, त्यातला मोठा वाटा जुन्या क्लबला, न्यूकॅसलला गेला तरी सौदा चांगलाच.

अॅडम व्हार्टनला विकायला नको होतं का?

नको होतं, म्हणजे तेव्हा नको होतं. ब्लॅकबर्नचाच पोरगा, लहानपणापासून अकादमीत. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्याच तारखेला, विंडो बंद व्हायच्या दिवशी, क्रिस्टल पॅलेसला १८ मिलियनला गेला, वर ४ मिलियन अटींवर. चारच महिन्यांनी इंग्लंडच्या युरोच्या स्क्वॉडमध्ये. वीस वर्षांचं पोरगं बॉल घेताना मान वळवून मागे कोण आहे ते आधीच बघून ठेवायचं, त्यामुळे बॉल पायाशी आला की एका टचमध्ये पुढे. असा खेळाडू क्लबला दहा वर्षांतून एकदा मिळतो.

तो कधी ना कधी जाणारच होता, त्याला मी अडवलं नसतं. पण त्या दिवशी आपण खाली घसरत होतो आणि त्याच्या जागी कोणी तयार नव्हता. उन्हाळ्यात विकला असता तर पैसे तेवढेच, कदाचित जास्तच मिळाले असते आणि सीझन असा जीव टांगणीला लागून संपला नसता.

जीव टांगणीला म्हणजे किती?

शेवटच्या दिवसापर्यंत. ४ मे २०२४, लेस्टरच्या मैदानावर, आणि लेस्टर तेव्हा आधीच चॅम्पियन झालेले. हरलो आणि बाकीचे निकाल उलटे लागले तर लीग वन. मी एसटीने साताऱ्याला निघालो होतो, सीट नव्हती म्हणून दाराशी उभा, फोनची बॅटरी १२ टक्के. खंबाटकीच्या घाटात रेंज गेली. घाट संपेपर्यंत मी ती फिरणारी गोल खूण बघत होतो, कंडक्टर दोनदा म्हणाले आत सरका. रेंज आली तेव्हा २-०, दोन्ही गोल सॅमी स्मोडिक्सचे. त्या सीझनला त्याने लीगमध्ये २७ गोल केले, त्या अख्ख्या डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त, आणि तरी टीम १९ वी. एका माणसाच्या खांद्यावर किती ओझं होतं ते या दोन आकड्यांत दिसतं. आणि ऑगस्टमध्ये तो पण इप्सविचला गेला.

खेळाडू फुकटात जातात म्हणजे काय? क्लब फुकट देतो का?

देत नाही, हातातून निसटतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की २४ किंवा त्याहून जास्त वयाचा खेळाडू मोकळा, कुठेही जाऊ शकतो आणि जुन्या क्लबला एक पाउंड मिळत नाही. २०२२ ला जो रॉथवेल, डॅरा लेनिहन आणि रायन न्यांबे तिघं एकाच उन्हाळ्यात असे गेले. २०२३ ला बेन ब्रेरटन डियाझ, ज्याने २०२१-२२ ला लीगमध्ये २२ गोल केले होते, जो चिलीकडून खेळायला लागल्यावर अख्ख्या दक्षिण अमेरिकेत आपलं नाव पोचलं होतं, तो व्हियारेआलला गेला. शून्य पाउंड. २०२५ ला टायरीस डोलन एस्पान्योलला, तोही कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर.

व्हार्टन विकला गेला याचं वाईट वाटतं, पण निदान त्याचे पैसे आले. इथे तर पैसेही नाहीत आणि खेळाडूही नाही. माझ्या मते कुठल्याही एका वाईट खरेदीपेक्षा क्लबला या गोष्टीने जास्त मागे नेलं. कॉन्ट्रॅक्टला दोन वर्षं उरली की बसून बोलायचं, सही करतोय तर पगार वाढव, करत नाही तर त्याच उन्हाळ्यात विक. हे प्रत्येक नीट चाललेला क्लब करतो. ब्रेंटफर्ड बघा, २०१९ ला आपल्याकडूनच आपल्या अकादमीत वाढलेला गोलकीपर डेव्हिड राया त्यांनी तीनेक मिलियनला नेला, प्रमोशन मिळवलं आणि नंतर आर्सेनलकडून कितीतरी पट घेतले.

जानेवारीत कागदपत्रांचा काहीतरी घोळ झाला होता ना?

दोन वर्षं लागोपाठ. जानेवारी २०२३ ला प्लेऑफच्या शर्यतीत असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन लोनवर, म्हणजे काही काळ उसना, येणार होता, कागद वेळेत पोचले नाहीत, सौदा गेला. २०२४ च्या जानेवारी विंडोत अमेरिकेतून डंकन मॅग्वायर, ऑरलँडोचा स्ट्रायकर, इंग्लंडला येऊन पोचलेला माणूस, परत कागदांत अडकलं, तो परत गेला. ज्या दिवशी व्हार्टन गेला त्याच दिवशी. याच्यावर मला फार काही बोलवत नाही.

दोनदा सातवे आलात, हे निव्वळ नशीब नाही का?

२०२२-२३ ला ६९ पॉइंट, सुंदरलँडचे पण ६९. ते सहावे, आपण सातवे. गोल डिफरन्स, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा, त्यांचा अधिक १३ आणि आपला उणे २. शेवटच्या दिवशी मिलवॉलला ३-१ मागे असताना आपण ४-३ जिंकलो, असली मॅच मी आयुष्यात बघितली नाही, आणि तिकडे सुंदरलँड प्रेस्टनला ३-० हरवून पुढे. त्या क्षणी नशीबच वाटतं. पण उणे २ चा गोल डिफरन्स एका दिवसात होत नाही. आणि अजून एक मिडफिल्डर जानेवारीत आला असता तर एक पॉइंट, फक्त एक, ४६ मॅचमध्ये कुठेतरी मिळाला नसता का?

२०२४-२५ ला ६६ पॉइंट, ब्रिस्टल सिटी ६८ ला सहावे. फेब्रुवारीत आपण पाचवे होतो, आणि मॅनेजर जॉन युस्टेस डर्बीला गेला. डर्बी तेव्हा खालच्या तिघांत होते. पाचव्या नंबरच्या टीमचा मॅनेजर बाविसाव्या नंबरच्या टीमकडे जातो! लोक त्याला शिव्या घालतात, मी घालत नाही. तो डर्बीचा जुना खेळाडू होता हे खरं, पण आपल्याकडे पुढे काही मोठं होणार असं त्याला वाटत असतं तर तो हलला नसता. मग व्हॅलेरियन इस्माएल आला, मध्ये मॅचमागून मॅच हरलो, शेवटी परत जिंकायला लागलो आणि दोन पॉइंट कमी पडले.

एकदा सातवं येणं नशीब म्हणू. दोनदा येणं म्हणजे दोन्ही वेळा जानेवारी-फेब्रुवारीत काय झालं ते बघा.

लोनवर खेळाडू आणून भागत नाही का?

थोडं भागतं. २०२०-२१ ला लिव्हरपूलचा हार्वी एलियट आला होता, १७ वर्षांचा, ७ गोल केले, त्याला आपल्या जर्सीत बघणं म्हणजे सुख होतं. नंतर टायलर मॉर्टन पण आला. पण लोनवरचं पोरगं मे महिन्यात परत जातं आणि तुम्ही जूनमध्ये परत शून्यावर. दोन लोन ठीक, पाच असले की टीम भाड्याची वाटायला लागते.

वेंकीजने क्लब विकावा असं तुम्हाला वाटतं का?

पुण्याचा माणूस म्हणून हे लिहायला मला जड जातं. मला वाटतं, विकावा, चांगला आणि खात्रीचा माणूस मिळाला तर. वाईट हेतू होता असं मी कधीच म्हणणार नाही, १५ वर्षं तोटा भरत कोणी वाईट हेतूने बसत नाही. पण लोकांशी बोलणं नाही, मालक इवुडला वर्षानुवर्षं दिसत नाहीत, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कॅप्टन लुईस ट्रॅव्हिस, कॅलम ब्रिटन, डॉमिनिक हायम असे एकेक जुने लोक गेले तेव्हा पुढचं चित्र काय हे कोणी समोर येऊन सांगितलं नाही. आपल्याकडे घरात भांडण झालं तरी मोठ्या माणसाने ओसरीवर येऊन दोन शब्द बोलावे अशी अपेक्षा असते. तेवढंच मागतायत ते लोक. पुणे ते ब्लॅकबर्न लांब आहे, पण फोन लागतो, विमानं पण जातात.

आणि घाईने कोणालाही विकू नये. बरी आणि ओल्डहॅम हे त्याच भागातले क्लब आहेत, त्यातल्या बरी क्लबला २०१९ ला लीगमधून काढलं, ते आठवलं की मी जपून बोलतो.

मग पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रमोशन मिळेल का?

सरळ वर, म्हणजे पहिल्या दोनात येऊन, मला दिसत नाही. त्यासाठी साधारण ९० पॉइंट लागतात आणि तेवढी फळी आपल्याकडे नाही. प्लेऑफमधून मिळू शकतं आणि हे मी मनाच्या समाधानासाठी म्हणत नाहीये. ब्रॉकहॉलची अकादमी पहिल्या दर्जाची आहे, जॅक वॉकरने उभी केलेली, तिथून व्हार्टन, राया, फिल जोन्स निघाले आणि अजून निघतील. दोनदा आपण फारसा खर्च न करता सातवे आलोय. म्हणजे पाया आहे. त्यावर तीन गोष्टी हव्यात: कॉन्ट्रॅक्ट वेळेत, जानेवारीत विक्री बंद, आणि दोन सीझन एकच मॅनेजर. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तर फार पैसा पण लागत नाही.

उलटी बाजू पण सांगतो. हे नाही झालं तर २०१७ विसरू नका, ५१ पॉइंट करून, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ जिंकून, नुसत्या गोल डिफरन्सवर आपण लीग वनमध्ये गेलो होतो. मॅनेजर टोनी मोब्रेने एका वर्षात वर आणलं म्हणून वाचलो.

नवीन माणसाने बघायला सुरुवात कुठून करावी?

बर्नलीविरुद्धच्या मॅचपासून करू नका, फार त्रास होतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इवुडवरच आपल्याला १-० हरवून लीग जिंकली, ती रात्र मला अजून पुसता येत नाही. साधी शनिवारची मॅच बघा, इंग्लंडमधली दुपारची ३ ची, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. एरवी स्कोअर अॅपवर आणि रेडिओ कॉमेंट्रीवर पण छान चालतं, बाबा आणि मी तसंच ऐकतो. बाबांना इंग्लिश कॉमेंट्री भरभर कळत नाही, ते फक्त आवाज चढला की विचारतात, "आपला का त्यांचा?"